झाकली मूठ कोणाची?



'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातली गोष्ट घरात राहावी, चारचौघांत आपले हसे होऊ नये, हा तिचा व्यवहारी अर्थ. तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. भावाभावांतला जमिनीचा वाद, सासू-सुनेतला खटका, मुलाचे कमी पडलेले मार्क, यांचा डांगोरा पिटण्यात शहाणपण नसते. पण काही मुठी अशा असतात की, त्या जितक्या आवळाव्यात तितके आतले कुजत जाते. घरातल्या माणसाचे दारूचे किंवा इतर कसले व्यसन आणि घरातल्या माणसाचा मानसिक आजार, या त्या दोन मुठी होत. या दोन बाबतींत झाकून ठेवणे हा गुण की दोष? आणि 'आपल्याला काय करायचंय?' असे म्हणून मान फिरवणारा शेजारी सभ्यपणे वागतो की कर्तव्य चुकवतो? आज या प्रश्नाचा आपण मिळून थोडा विचार करू या.

ही चार घरांची गोष्ट नव्हे

असल्या गोष्टी कुठल्यातरी चार घरांत घडतात, असा आपला समज असतो. आकडे वेगळे सांगतात. दिल्लीच्या 'एम्स' या संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या देशात १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. त्यांतल्या सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे अशा थराला गेले आहे की, त्यांना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात.

त्याआधी बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली होती. व्यसनाधीनताही त्यांनी याच हिशेबात धरली होती. त्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कसला ना कसला मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण म्हणून आपण सुटलो असे समजण्याचे कारण नाही. दर दहा प्रौढांत एक, असा हा साधा हिशेब आहे. रविवारच्या मिस्सेला आपल्या बाकावर असा कोणी बसलेला नसेल, तर पुढच्या बाकावर नक्की असेल.

उपचार न मिळण्याची कारणे पुष्कळ आहेत. मनोविकारतज्ज्ञ थोडे आहेत, दवाखाना लांब असतो, औषधांचा खर्च असतो. पण डॉक्टर गावातच असूनही माणूस त्याची पायरी चढत नाही, त्याचे कारण एकच असते. कोणी बघितले तर?

सव्वा लाख भरतो कोण?

झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख असेल, तर ती रक्कम भरतो कोण, हेही विचारायला हवे. ती बहुधा त्या घरातली बाई आणि मुले भरतात. नवरा कामावर जाऊ शकत नाही तेव्हा 'त्यांना ताप आहे' असा फोन तीच करते. दुकानदाराची उधारी तीच गुपचूप फेडते. अंगावरचे दागिने एकेक करून जातात आणि लग्नसमारंभाला जाताना तिला गळ्यात काय घालावे हे सुचत नाही. घरातली थोरली मुलगी मैत्रिणींना घरी न बोलावण्याची कारणे शोधायला शिकते. मुलगा आईच्या आणि बापाच्या मध्ये उभे राहायला शिकतो. ही शिकवण कोणत्याही शाळेत मिळत नाही आणि ती विसरायला अर्धे आयुष्य जाते.

लपवण्याची ही सवय एकदा लागली की, उपचारही लपूनछपून होऊ लागतात. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती आपण सर्वांनी वाचल्या आहेत. दारू सोडण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरॅम हे औषध पोटात असताना माणूस दारू प्याला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि जीवावरही बेतू शकते. म्हणूनच डॉक्टर हे औषध रुग्णाला सर्व समजावून आणि त्याच्या संमतीने देतात. ते चहात किंवा आमटीत कालवून देणे म्हणजे प्रेमापोटी केलेला घात होय. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडण्याचा उपायही तितकाच धोक्याचा आहे. दोन-तीन दिवसांत त्याला थरथर सुटते, झटके येऊ शकतात, भास होऊ लागतात. त्या वेळी त्याला कुलपाची नव्हे, डॉक्टरांची गरज असते.

मानसिक रुग्णाच्या बाबतीत तर मूठ आवळता आवळता तिची बेडी होते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांना ठेवणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. तिथल्या रुग्णांना साखळीने बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जण जळून गेले. घरच्यांनी त्यांना तिथे सोडले होते ते सर्वच जण क्रूर होते असे नाही. बरेच जण थकलेले होते आणि त्यांच्या मदतीला कोणी आले नव्हते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने स्पष्ट मनाई केली. पण लोखंडाची साखळी कायद्याने तोडता येते, लाजेची नाही.

पाप की आजार?

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. दारू पिणे हे पाप की आजार? आजार म्हटले तर माणूस मोकळा सुटतो आणि 'मी काय करू, मला रोगच आहे' असे म्हणत पुन्हा गुत्त्यावर जातो. पाप म्हटले तर त्याला उपदेश, शपथ आणि दटावणी याखेरीज काहीच द्यायला नको. दोन्ही बाजूंनी आपण हात झटकून मोकळे!

मधुमेहाचे उदाहरण घ्या. एखाद्याला मधुमेह झाला हा त्याचा दोष, असे आपण म्हणत नाही. पण गोळ्या घेणे, पथ्य पाळणे आणि पायाची जखम वेळेवर दाखवणे ही जबाबदारी त्याचीच असते. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनाचेही असेच आहे. पहिला पेला त्याने स्वतः उचलला हे खरे, पण त्या मांडवात त्याच दिवशी तसाच पेला उचललेले दहाजण आज सुखाने संसार करीत आहेत. त्याच्या रक्तात काय होते, लहानपणी त्याने काय सोसले, मनाच्या कोणत्या दुखण्यावर तो औषध शोधत होता, याचा निवाडा आपण करू शकत नाही. आता उपचार घेणे, बुडवलेले पैसे परत करणे आणि दुखावलेल्या माणसांसमोर उभे राहणे हे मात्र त्याच्यावाचून दुसरे कोणी करू शकणार नाही.

डब्लिनचा एक साधा मजूर मॅट टॅलबॉट (१८५६-१९२५) याची गोष्ट आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. कोवळ्या वयापासून तो दारूत बुडाला होता. १८८४ साली त्याने न पिण्याची शपथ घेतली, तीही आधी फक्त तीन महिन्यांची. मग सहा महिन्यांची आणि मग जन्माची. मरेपर्यंत ४१ वर्षे त्याने ती पाळली. पिण्यासाठी त्याने आणि सोबत्यांनी एका रस्त्यावरच्या वादकाचे व्हायोलिन चोरले होते. शुद्धीवर आल्यावर त्या वादकाला शोधत तो किती फिरला, हे त्याच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्याला 'पूज्य' ही पदवी दिली. आजार होता म्हणून चोरी माफ, असे त्याने म्हटले नाही. चोरी केली म्हणून मी माणसातून उठलो, असेही त्याने मानले नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच वाटेने जाते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे की, भीती, सवय, दडपण, मानसिक व सामाजिक कारणे यांमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, काही वेळा उरतही नाही. आत्महत्येसंबंधी तर हा बदल ठळक दिसतो. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे आता आपल्याला शिकवले जाते. देशाचा कायदाही २०१८ पासून असे मानतो की, जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र मानसिक तणावाखाली होता आणि त्याला शिक्षा नव्हे, आधार मिळायला हवा. दफनभूमीचे दार ज्याच्यासाठी उघडले, त्याच्यासाठी जिवंतपणी आपल्या घराचे दार बंद असावे, हे कसे?

नाव झाकलेले, आजार उघडा

'पण फादर, सांगायचं कोणाला? आज एकाला सांगितलं की उद्या सगळ्या आळीत होतं.' असे एखादी आई म्हणाली तर तिला दोष देता येत नाही. तिच्या मुलीचे लग्न ठरायचे असते. 'त्या घरात वेडाचा अंश आहे' एवढे एक वाक्य कोणी पुढे सरकवले तर आलेले स्थळ परत जाते. तेव्हा तिची मूठ तिने एकटीने आवळलेली नसते. बाहेरची माणसे आपल्या जिभेने ती आवळत असतात.

मग झाकणे चांगले की वाईट? याचे उत्तर शोधायला एका जुन्या अनुभवाकडे पाहू या. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन दारुडे एकमेकांना भेटले. एकाने दुसऱ्याला उपदेश केला नाही, फक्त आपली कहाणी सांगितली. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे ए.ए. ही चळवळ उभी राहिली. १९५७ पासून ती आपल्या देशातही आहे. तिच्या सभा कितीतरी ठिकाणी चर्चच्या खोल्यांत आणि शाळांच्या वर्गांत भरतात. फी नसते, वर्गणीची सक्ती नसते, आणि बाहेरच्यांकडून देणगीही घेतली जात नाही. पिणे सोडण्याची इच्छा एवढीच काय ती अट. तिथे माणूस उभा राहतो, फक्त पहिले नाव सांगतो आणि 'मी दारुडा आहे' असे म्हणतो. ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा नियम.

ए.ए.मध्ये नाव झाकलेले असते आणि आजार उघडा असतो. आपल्या आळीत बरोबर याच्या उलट चालते. आजाराविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, पण नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी असते. 'अमक्याचा मुलगा काल पुन्हा पडला होता' हे सर्वांना ठाऊक असते. अमक्याच्या मुलाला कुठे न्यावे, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्याच अ‍ॅक्रन गावात सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाच्या धर्मभगिनी प्रवेशाचे काम पाहत. त्या काळी दारुड्यांना रुग्णालये दारातही उभे करीत नसत. १९३९ साली सिस्टरांनी डॉ. बॉबच्या एका रुग्णाला आत घेतले आणि कागदावर 'जठराचा दाह' असे लिहिले. त्यांनीही झाकलेच की! पण त्यांच्या झाकण्याने एका माणसासाठी खाट मिळाली आणि पुढे हजारोंसाठी त्या रुग्णालयाचे दार उघडले.

आपली कसोटी इथे सापडते. झाकल्यामुळे मदतीचे दार उघडते की बंद होते? समुपदेशकाची खोली, कुमसाराची जागा, ए.ए.ची सभा, विश्वासातली मैत्रीण, इथे जपलेली गुप्तता दार उघडते. कारण बोललेले तिथेच राहणार म्हणून माणूस बोलू शकतो. 'त्यांना ताप आहे' हे खोटे दार बंद करते. आणि कुजबूज तर एकाच घराचे नव्हे, ती ऐकणाऱ्या दहा घरांची दारे बंद करते. आपलेही असेच होईल हे त्या घरांतल्या लोकांना कळून चुकते.

शेजाऱ्याचे काम कोणते?

'आम्ही काही डॉक्टर नाही' असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. दयाळू शोमरोनीही डॉक्टर नव्हता. तो दाखला नीट वाचला तर त्याने काय काय केले हे दिसते. तो थांबला. होते त्या तेला-द्राक्षारसाने जखमा बांधल्या. आपल्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत नेले. तिथल्या माणसाच्या हाती पैसे दिले, आणि परत येताना वर काही खर्च झाला असेल तर तो देईन, असे सांगून गेला. म्हणजे सगळे ओझे त्याने एकट्याने उचलले नाही आणि सोपवून पाठही फिरवली नाही. जाणत्या माणसाकडे पोचवणे आणि परत येणे, एवढेच शेजाऱ्याचे काम आहे. त्यातले 'परत येणे' आपण बहुतेक वेळा विसरतो.

साध्या माणसांच्या हातून काय होऊ शकते याचा एक चांगला पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. तिथे 'संगत' ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. दारूमुळे नुकसान होऊ लागलेल्या ३७७ पुरुषांचा त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अभ्यास केला. काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर या समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार बैठका दिल्या, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी विचारले तेव्हा बैठका झालेल्यांपैकी ४२ टक्क्यांनी मागच्या १४ दिवसांत दारूला स्पर्श केला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हा चमत्कार नव्हे. निम्म्याहून अधिक जण अजून पीतच होते. पण चार बैठकांत एवढा फरक पडत असेल, तर नीट ऐकून घेणाऱ्या माणसाचे मोल केवढे आहे ते कळते.

आपल्याकडेही उतारशाळा आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. दारूच्या व्यसनातून आपण स्वतः बाहेर पडलो, हे ते उघडपणे सांगत आले. धर्मगुरूलाही हा आजार होऊ शकतो, हे त्या एका वाक्याने किती जणांच्या मनावरचे ओझे हलके केले असेल! २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनी माणसाबरोबर त्याची बायकोही आजारी पडते हे ओळखून तिथे पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. तिथे ती एकमेव नाही हे तिला पहिल्यांदाच कळते.

परत आलेल्या माणसाचे काय?

बेल्जियम देशात गेल नावाचे एक गाव आहे. मनोरुग्णांची आश्रयदात्री मानली जाणारी संत डिंफ्ना हिचे तिथे चर्च आहे. मध्ययुगात दूरदूरचे लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन नोव्हेनासाठी तिथे येत. चर्चला लागून रुग्णांची खोली होती. ती भरली की धर्मगुरू गावकऱ्यांना सांगत, एकेकाला आपल्या घरी ठेवून घ्या. कोणी नऊ दिवस राहिला, कोणी नऊ वर्षे, कोणी जन्मभर. शेतात मदत करावी, मुलांना खेळवावे, सर्वांबरोबर जेवावे. त्यांना तिथे 'रुग्ण' म्हणत नाहीत, 'घरी राहणारे' म्हणतात. १८५० साली सरकारने ही व्यवस्था हाती घेतली. डॉक्टर आणि परिचारिका आल्या, कुटुंबांना खर्चासाठी पैसे मिळू लागले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावात असे ३,७०० हून अधिक लोक राहत होते. आज ही संख्या पुष्कळ घटली आहे, पण प्रथा चालू आहे. गेलच्या लोकांनी कोणाला बरे केले असा दावा कधी केला नाही. बरे झाल्यावर या, अशी अटही घातली नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात गरसेकरांच्या प्रदेशातला जो माणूस आहे, त्यालाही गावाने बेड्या घातल्या होत्या. तो थडग्यांमध्ये राहत असे. शुद्धीवर आल्यावर त्याने प्रभूबरोबर जाण्याची विनवणी केली. गावात तोंड दाखवणे त्याला किती अवघड वाटले असेल! पण प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे धाडले. त्याचे बरे होणे घरी गेल्याशिवाय पुरे होणार नव्हते.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू या. कोणी बायपास करून आला तर आपण फळे घेऊन भेटायला जातो. व्यसनमुक्ती केंद्रातून महिना-दीड महिन्याने परतलेल्या माणसाला भेटायला कोण जाते? आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत कर्करोग असतो, शस्त्रक्रिया असते. नैराश्याने अंथरूण न सोडणारी आपली बहीण त्यात कधी असते का? लग्नाच्या आदल्या रात्रीच्या मांडवात कोणी 'नको' म्हटले की, 'एक घेतल्यानं काय होतंय? आम्हाला कमी लेखतोस काय?' असे म्हणत पेला त्याच्या हाती कोंबला जातो. त्याने ते 'नको' किती महिन्यांच्या कष्टाने कमावले आहे, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. त्याच मांडवात सरबताचा पेला तितक्याच मानाने फिरवला, तर यजमानाचा मोठेपणा कमी होत नाही.

आणि तो पुन्हा घसरला तर? पुष्कळदा घसरतात. तेव्हा 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य तेवढे गिळावे. ताप उलटला तर आपण रोग्याला रागे भरत नाही, पुन्हा डॉक्टरकडे नेतो.

मदत करणे म्हणजे सर्व सहन करणे, असा मात्र अर्थ कोणी काढू नये. मार खात राहणे हा कोणत्याही पत्नीचा धर्म नाही. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जाणे, पैसे द्यायला नकार देणे, पोलिसांची मदत घेणे, यात प्रेम कमी पडत नाही. अशा वेळी तिला 'तू थोडं जमवून घे' असे सांगणारा शेजारी तिची मूठ आणखी आवळतो. 'चल, मी येते तुझ्याबरोबर' म्हणणारी शेजारीण ती सोडवते.

ज्यांना कोणालाच सांगता येत नाही, त्यांच्यासाठी दोन सरकारी क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. व्यसनासंबंधी मदतीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. नाव न सांगताही बोलता येते. घरातल्या फळ्यावर, फ्रीजवर किंवा कॅलेंडरच्या कोपऱ्यात हे क्रमांक लिहून ठेवावेत. घरात कोणाला त्यांची गरज आहे हे आपल्याला नेहमी कळतेच असे नाही.

बंधुभगिनींनो, मूठ उघडा असे त्या आईला सांगणे सोपे आहे. पण उघडलेल्या मुठीतले जे पडेल ते झेलायला खाली कोणाचा तरी हात हवा. तो हात आधी पुढे यावा, मग तिने मूठ उघडावी, हाच क्रम योग्य आहे. या आठवड्यात आपल्या ओळखीच्या अशा एका घराची आठवण करू या. त्या घराविषयी कोणाशी काही बोलू नये. जमल्यास त्या घरी एकदा जाऊन यावे, चहा घ्यावा, काही न विचारता थोडा वेळ बसावे आणि निघताना सांगावे, 'पुन्हा येईन.' आणि पुन्हा जावे.